पुरेशी झोप होऊनही थकवा जात नाही, तेव्हा आधी काय बघायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३६, पुण्यात नोकरी, दोन मुलं. रात्री साडेदहाला पाठ टेकता, सहाला उठता. तरी सकाळी अंग शिशासारखं जड, दुपारी तीननंतर डोकं चालत नाही आणि संध्याकाळी घरी आल्यावर मुलांशी बोलायचंही त्राण उरत नाही. हे आठ महिने चाललंय. पासष्ट तपासण्यांचं पॅकेज केलंत, 'सगळं नॉर्मल' असं सांगितलं गेलं. हिमोग्लोबिन ११.४, थायरॉईडची टीएसएच तपासणी २.९, डी जीवनसत्त्व कमी म्हणून आठवड्याला एक अशा पुड्या घेतल्या, मल्टिव्हिटॅमिनही दोन महिने घेतलं. फरक नाही. घरचे म्हणतात आळस आहे, सकाळी चालायला जा. आणि तुम्ही विचारता, आणखी कोणती तपासणी करू, की हे मनाचंच आहे?

मला वाटतं, खरा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: झोप पुरेशी होते आणि रिपोर्ट नॉर्मल आहे. मला दोन्हींबद्दल शंका आहे. साडेसात तास तुम्ही अंथरुणात असता, एवढंच तुम्ही लिहिलंय. त्यात झोप किती आणि कशी लागते, हे कुठेच आलेलं नाही. आणि तुमच्या वयाच्या, गरोदर नसलेल्या बाईचं ११.४ हिमोग्लोबिन नॉर्मल नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने धरलेली मर्यादा १२ आहे. तुमच्या लॅबच्या कागदावर खालची मर्यादा ११ छापलेली असणार, म्हणून तो आकडा ठळक झाला नाही आणि कोणाचं लक्ष गेलं नाही.

मी फिजिशियन आहे, इचलकरंजीत चोवीस वर्षं प्रॅक्टिस करते. तुम्हाला न तपासता निदान करता येणार नाही आणि मी ते करणारही नाही. पण थकव्याचा पेशंट समोर बसला की मी कोणत्या क्रमाने विचार करते, ते सविस्तर सांगते.

पहिलं काम म्हणजे 'थकवा' या शब्दाच्या आत शिरणं. आमच्याकडे कोणी म्हणतं 'अंगात त्राण नाही', कोणी 'दिवसभर पेंग येते', कोणी 'जिना चढला की धाप लागते', कोणी 'कशातच मन लागत नाही'. केसपेपरवर या सगळ्यांचं 'थकवा' होतं आणि तिथेच चूक सुरू होते. धाप लागणाऱ्याचं रक्त, हृदय, फुप्फुस बघायचं. पेंग येणाऱ्याची झोप बघायची. मन न लागणाऱ्याशी दार लावून, वेळ काढून बोलायचं. आणि हातपाय खरोखरच उचलवत नसतील, खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यावा लागत असेल, तर तो स्नायूंचा किंवा नसांचा प्रश्न असू शकतो, त्याची वाट निराळी.

म्हणून मी सगळ्यांना एक प्रश्न विचारते, तुम्हालाही विचारते. दुपारचे दोन वाजलेत, खोलीत कोणी नाही, पंखा चालू आहे, कामाची घाई नाही. आडवं व्हायला सांगितलं तर पाच-दहा मिनिटांत गाढ झोप लागेल, की थकलेल्या असूनही नुसत्या छताकडे बघत पडून राहाल? झोप लागत असेल तर रात्रीच्या झोपेत काहीतरी बिघडलंय. नुसत्या पडून राहणार असाल तर कारण बहुधा रक्तात, शरीरातल्या एखाद्या आजारात, मनात किंवा दिवसाच्या ओझ्यात आहे. दोन्ही एकत्रही असू शकतं, पण सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरतं. याच कल्पनेवर 'एपवर्थ' नावाची आठ प्रश्नांची मोजपट्टी १९९१ साली ऑस्ट्रेलियात तयार झाली. वाचताना, टीव्ही बघताना, प्रवासात, जेवणानंतर बसल्या बसल्या डुलकी लागण्याची शक्यता किती, यांना ० ते ३ गुण द्यायचे. २४ पैकी १० च्या वर गेलात तर झोपेची चौकशी करायला हवी.

आधी झोपेचंच बोलू, कारण इथे माझ्या हातून एक चूक झाली आहे. किराणा दुकानाचे मालक, वय ४८. दोन वर्षं माझ्याकडे येत होते. रक्तदाब, सकाळी डोकं जड, दिवसभर मरगळ. 'झोप कशी आहे?' असं मी दर वेळी विचारायची आणि ते दर वेळी सांगायचे, 'झोप एकदम झकास, पडल्या पडल्या लागते.' मी ते चांगलं लक्षण समजले. शक्तीच्या गोळ्या दिल्या, रक्तदाबाचं औषध वाढवलं. एक दिवस त्यांची बायको सोबत आली आणि तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. घोरणं चढत चढत गेलं आणि एकदम शांत झालं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. २६ सेकंद. मग घुसमटल्यासारखा मोठा आवाज, कूस बदलल्याची खसखस, आणि पुन्हा घोरणं. दोन मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये हे तीनदा झालं.

याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागं करून श्वास चालू करतो. ती जाग सकाळी आठवत नाही. म्हणून 'मी तर आठ तास गाढ झोपतो' असं तो माणूस अगदी खरेपणाने सांगतो. स्लीप स्टडीमध्ये ताशी अशा किती घटना होतात ते मोजतात. पाचच्या आत ठीक, तीसच्या वर गंभीर. यांच्या ४१ आल्या. रात्री नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं मशीन सुरू केलं, तेव्हा दुपारी गिऱ्हाईक समोर उभं असताना लागणारी डुलकी पंधरा दिवसांत थांबली. त्या दिवसापासून थकव्याच्या पेशंटसोबत शेजारी झोपणारं माणूस आल्याशिवाय मी झोपेची चौकशी पूर्ण झाली असं मानत नाही.

तुम्ही म्हणाल, मी जाड नाही आणि घोरतही नाही. बारीक माणसालाही हा त्रास होतो. जबडा मागे असेल, टॉन्सिल मोठे असतील, नाक कायम चोंदलेलं असेल तर वाट मुळातच अरुंद असते. बायकांमध्ये तो ओळखणं आणखी अवघड. घोरणं हलकं असतं. तक्रार असते ती थकव्याची, तुटक झोपेची, सकाळच्या डोकेदुखीची. आणि नवरा आधी झोपलेला असेल तर ऐकणार कोण? पाळी बंद झाल्यावर हे प्रमाण वाढतं. तुमचं वय त्या मानाने कमी आहे. पण सकाळी तोंड कोरडं पडतं का, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं का, घुसमटून जाग येते का, एवढं नक्की बघा.

झोप खाणारी दुसरी गोष्ट बायका सहसा डॉक्टरांना सांगतच नाहीत: पायांची तळमळ. अंथरुणावर पडलं की पोटऱ्यांत वळवळल्यासारखं होतं, ओढ लागते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. उठून दोन फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. एक बाई रोज रात्री दोन्ही पोटऱ्यांना ओढणी घट्ट बांधून झोपायच्या. त्यांना वाटायचं, दिवसभर उभं राहून पाय दुखतात. तसं नव्हतं, ही तळमळ हा स्वतंत्र आजार आहे आणि त्याचं एक मोठं कारण लोहाची कमतरता. पाय दाबून देऊन ती जात नाही. या त्रासात फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, ७५ च्या वर नेण्याचा प्रयत्न करतात, म्हणजे लॅबच्या 'नॉर्मल'पेक्षा बरंच वर.

झोपेच्या वेळेचा हिशेबही एकदा प्रामाणिकपणे मांडा. साडेदहाला पडता ते खरं, पण मोबाइल कधी खाली ठेवता? धाकटं मूल रात्री किती वेळा उठवतं? आमच्या गावात यंत्रमागाच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या. रात्रपाळीचा कामगार दिवसा पत्र्याखाली, उजेडात, मुलांच्या गोंगाटात आठ तास पडून असतो. तास भरतात, पण शरीराचं घड्याळ दिवसा झोपायला तयार नसतं, म्हणून थकवा तसाच राहतो. तुमची पाळी दिवसाची असली तरी संध्याकाळी सातचा कॉफीचा कप आणि बारापर्यंतचा मोबाइल थोड्या प्रमाणात तेच करतात. कॉफीतलं कॅफिन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात.

आता लोहाकडे येते. तुमच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त शंका इथेच आहे, म्हणून इथे थोडी रेंगाळणार आहे.

जुन्या घरात धान्य कणगीत असायचं आणि रोजच्या वापराचं स्वयंपाकघरातल्या डब्यात. कणगीचा तळ दिसू लागला तरी डबा भरलेलाच दिसतो, कारण घरची बाई शेवटपर्यंत डबा भरत असते. शरीरातलं लोहही असंच. साठा म्हणजे कणगी, ती मोजायची तपासणी फेरिटिन. हिमोग्लोबिन म्हणजे डबा. हिमोग्लोबिन उतरू लागतं तेव्हा साठा बराच आधी संपलेला असतो. म्हणून हिमोग्लोबिन १२.५ असूनही फेरिटिन ९ असलेली बाई थकलेली, केस गळणारी, चिडचिडी असू शकते, आणि तिला 'रक्त चांगलं आहे' म्हणून परत पाठवलं जातं. तुमचं तर हिमोग्लोबिनही खाली आलंय. पासष्ट तपासण्यांच्या यादीत फेरिटिन आहे का बघा. बऱ्याच पॅकेजमध्ये 'सीरम आयर्न' असतं, पण ते सकाळ-संध्याकाळ आणि जेवणानुसार बदलतं, त्याच्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका. फेरिटिन १५ च्या खाली असेल तर साठा संपलेला आहे यात शंका नाही. १५ ते ३० च्या दरम्यान असेल आणि तक्रारी जुळत असतील तर मी कमतरता धरूनच उपचार करते. एक अट लक्षात ठेवा: ताप, जंतुसंसर्ग, सांध्यांची सूज असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. आजारी असताना ही तपासणी करू नका.

तुम्ही एकट्या नाही आहात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पण घरोघरी आहे म्हणून तो चालवून घ्यायचा नसतो.

लोह जातं कुठे? तुमच्या वयात पहिलं उत्तर पाळी. 'पाळी नीट येते का?' असं विचारलं की प्रत्येक बाई 'हो, नॉर्मल' म्हणते, कारण तिला फक्त स्वतःचीच पाळी माहीत असते. म्हणून मी वेगळं विचारते. रात्री पॅड बदलायला उठावं लागतं का? गाठी पडतात का? पहिल्या दोन दिवसांत बाहेर जाताना मुद्दाम गडद रंगाचे कपडे घालता का? खुर्चीवरून उठल्यावर मागे वळून बघता का? यातल्या दोन प्रश्नांना हो आलं तर स्राव जास्त आहे. मग नुसत्या लोहाच्या गोळ्या देणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून गर्भाशयाची सोनोग्राफी करून गाठी वगैरे आहेत का ते बघावं लागतं.

दुसरं विचारायचं, आणि हळू आवाजात विचारायचं: काही वेगळं खावंसं वाटतं का? बँकेत नोकरी करणारी एक मुलगी, वय २९. बराच वेळ 'नाही नाही' म्हणाली. आई औषधाच्या दुकानात गेल्यावर तिने पर्स उघडली आणि पाटीवरच्या पेन्सिलींची डबी टेबलावर ठेवली. एक पेन्सिल अर्धी झालेली, टोकाला दातांच्या बारीक खुणा. रोज चार-पाच खायची, ऑफिसच्या बाथरूममध्ये. कोणाला कच्चे तांदूळ, कोणाला माती, कोणाला फ्रिजमधला बर्फ. यात लाजण्यासारखं काहीही नाही, लोह कमी असल्याची ती खूण आहे. तिचं फेरिटिन ६ आलं. गोळ्या सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी ती म्हणाली, 'मॅडम, आता त्या पेन्सिलीचा वाससुद्धा नको वाटतो.'

गोळी कशी घ्यायची यावर तिचा निम्मा गुण अवलंबून असतो. रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत. आधी-नंतर किमान एक तास चहा-कॉफी नको, कॅल्शियमच्या गोळीसोबत नको, दुधासोबत तर नकोच. थायरॉईडची गोळी कोणी घेत असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर. रोज दोन-दोन गोळ्या घेऊन पोट बिघडवून घेण्यापेक्षा एक दिवसाआड एक गोळी पुष्कळांना चांगली सोसते. त्यामागे कारण आहे: लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि ते पुढचा जवळजवळ दिवसभर आतड्याचं दार लोहासाठी अर्धवट लावून ठेवतं. डोस किती, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. बद्धकोष्ठ झालं तर गोळी बंद न करता त्यांना सांगा, प्रकार बदलता येतो. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन किमान एक ग्रॅमने वाढायला हवं. आणि ते १२ च्या वर गेलं की गोळ्या बंद करण्याची चूक करू नका. डबा भरला, कणगी अजून रिकामीच आहे. पुढे आणखी साधारण तीन महिने.

खाण्याबद्दल मला कळकळीने एक सांगायचंय. बीट, डाळिंब, खजूर खाऊन रक्त वाढतं, ही समजूत सोडा. लाल रंगाचा आणि लोहाचा संबंध नाही. आवडतात म्हणून जरूर खा, पण त्यावर विसंबून सहा महिने घालवू नका. आळीव, हिरव्या पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं चांगली, त्यावर लिंबू पिळा. मांसाहार करत असाल तर मटण आणि कलेजीतलं लोह शरीराला सहज मिळतं. चहा सोडा असं मी कोणालाच सांगत नाही, फक्त तो जेवणापासून लांब ठेवा. सकाळी चहा-खारी, डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, चार वाजता पुन्हा चहा-बिस्कीट, रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं: असा दिवस असेल तर कोणतीही गोळी पुरी पडणार नाही. पण साठा संपल्यावर तो नुसत्या आहाराने लवकर भरत नाही, हेही तितकंच खरं.

इथे एक सावधगिरी. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या कागदावर एमसीव्ही नावाचा आकडा असतो, तो लाल पेशींचा आकार. तो ८० पेक्षा बराच कमी आणि फेरिटिन मात्र चांगलं असेल, तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईवडिलांकडून आलेला रक्ताचा सौम्य दोष, असू शकतो. त्यात लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं देत राहणं चूक आहे. आणि हे वाचणाऱ्या पुरुषांनी किंवा पाळी बंद झालेल्या बायकांनी: तुमचं लोह कमी निघालं तर गोळ्यांवर समाधान मानू नका. रक्त कुठून जातंय ते शोधावं लागतं. मूळव्याध, दुखण्याच्या गोळ्यांनी झालेला पोटातला व्रण, शेतात अनवाणी काम करणाऱ्यांमध्ये हुकवर्म नावाचे आतड्यातले जंत, आणि कधी आतड्याचा कर्करोगही.

बी१२ चा आकडा तुम्ही कळवलेला नाही. शुद्ध शाकाहारी घरांत, त्यातून दूध-दही बेताचंच असेल तर, याची कमतरता सर्रास दिसते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणारे आणि ॲसिडिटीची गोळी रोज घेणारेही यात येतात. तळपायांना मुंग्या, जिभेची आग, विसराळूपणा, चालताना तोल जाणं अशी लक्षणं असतील तर थांबू नका, कारण नसांचं नुकसान फार लांबलं तर पूर्ण भरून येत नाही. तुम्ही दोन महिने मल्टिव्हिटॅमिन घेतलंय. त्यात बी१२ असणार, त्यामुळे आता रक्तातला आकडा बरा दिसेल; तो वाचताना डॉक्टरांना हे सांगा.

बाकीच्यांवरून भरभर जाते. थायरॉईड: २.९ ठीक आहे, त्यावर गोळी सुरू करायची गरज नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर पुढच्या तपासणीआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा, त्याने थायरॉईडचे आकडे चुकतात. साखर: लोह कमी असताना एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, थोडं जास्त दिसू शकतं, ५.८ बघून घाबरून जाऊ नका, उपाशीपोटीची साखर सोबत बघा. डी जीवनसत्त्व: सांगितलेला कोर्स संपला असेल तर थांबा. साठ हजार युनिटच्या पुड्या 'चांगल्या असतात' म्हणून महिनोन्महिने घेणारे लोक मी बघितले आहेत. अतिरेक झाला तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि त्याचं लक्षण काय, तर पुन्हा थकवा, तहान, बद्धकोष्ठ. औषधं: सर्दीची सेट्रिझिन रोज घेता का? अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉल? झोपेची किंवा चिंतेची गोळी? पेशंट यांना औषधांत मोजत नाहीत, म्हणून मी घरातला औषधांचा डबाच आणायला सांगते.

आणि पॅकेजबद्दल. लॅबची 'नॉर्मल' कक्षा साधारणपणे निरोगी माणसांपैकी ९५ टक्के आत बसतील अशी आखलेली असते. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाच्याही दर वीस तपासण्यांत एखादी कक्षेबाहेर जाणार. वीस स्वतंत्र तपासण्या केल्या तर निदान एक तरी चुकीची दिसण्याची शक्यता गणिताने ६४ टक्के येते. पासष्ट तपासण्यांत नको त्या आकड्यांचा पाठलाग सुरू होतो आणि ११.४ सारखा कामाचा आकडा गर्दीत हरवतो. तुमचं तेच झालं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, 'हे मनाचंच आहे का?' त्यातला 'च' मला टोचतो. नैराश्य हा मेंदूचा, म्हणजे शरीराचाच आजार आहे आणि थकवा हे त्याचं पहिलं, कधी कधी एकमेव लक्षण असतं. मी असं विचारते: रविवार आहे, सगळी कामं दुसऱ्या कोणी उचलली आहेत, तुम्हाला पूर्वी आवडायचं ते करायला मोकळा दिवस आहे. करावंसं वाटेल का? 'वाटेल हो, पण अंग साथ देणार नाही' आणि 'काही करावंसंच वाटत नाही' ही दोन वेगळी उत्तरं आहेत. दुसरं उत्तर आलं, पहाटे चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, विनाकारण रडू येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे तितक्याच सहजपणे जा, जितक्या सहजपणे तुम्ही रक्त द्यायला गेलात. जगणं नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी कोणाशी तरी बोला. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

आळसाबद्दलही सांगते, घरच्यांना वाचून दाखवा. आळशी माणूस काम टाळतो. तुम्ही नोकरी, डबे, अभ्यास, स्वयंपाक सगळं करून मग कोसळता. याला आळस म्हणत नाहीत. आणि जेव्हा सगळे रिपोर्ट खरोखर चांगले असतात, तेव्हा कारण पुष्कळदा हेच निघतं, की सहाला उठल्यापासून रात्री ओटा पुसेपर्यंत बाईला सलग वीस मिनिटं बसायला मिळालेलं नाही. त्याला माझ्याकडे गोळी नाही. घरात कामं वाटून घेणं, हाच त्यावरचा उपचार आहे आणि मी तो नवऱ्याला समोर बसवून सांगते.

चालायला जाण्याचा सल्ला वाईट नाही, फक्त आत्ताची वेळ चुकीची असू शकते. रक्त कमी असताना दहा मिनिटांपासून सुरू करा, धाप लागली की थांबा. मात्र डेंगी, चिकनगुनिया, कोविड यांसारख्या आजारानंतर थकवा सुरू झाला असेल आणि थोडं जास्त श्रम केले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस अंथरुणालाच खिळत असेल, तर तिथे व्यायाम रेटून वाढवू नका. त्या थकव्यात ताकदीच्या आत राहून कामाची आखणी करावी लागते.

यातलं काही असेल तर मात्र पुढचं सगळं बाजूला ठेवून याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा: न ठरवता घटलेलं वजन, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम, दोन आठवड्यांवर गेलेला खोकला, मानेत-काखेत गाठ, पायावर सूज. लोहाची गोळी चालू नसताना शौचाला डांबरासारखं काळं झालं, छातीत दुखलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर आठवडा थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि गाडी चालवताना डोळे मिटत असतील तर उपचार होईपर्यंत स्कूटरला हात लावू नका.

तुमच्यासाठी माझा क्रम असा राहील. मल्टिव्हिटॅमिन बंद. फेरिटिन, सीबीसी, बी१२ आणि सीआरपी, एवढंच रक्त. सीआरपी यासाठी, की सूज किंवा संसर्ग असला तर फेरिटिनचा आकडा कसा वाचायचा ते कळेल. दोन आठवडे एका वहीत रोज चार ओळी: दिवे कधी मालवले, अंदाजे झोप कधी लागली, रात्री किती वेळा उठले, दुपारी डुलकी लागली का. पाळी आली तर किती पॅड लागले तेही त्यातच. आणि एका रात्री नवऱ्याला अर्धा तास जागं राहून तुमचा श्वास ऐकायला सांगा, मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा.

फेरिटिन कमी आलं तर वर लिहिलंय तसं. ते चांगलं आलं, सीआरपीही नॉर्मल असेल, तर लोहाच्या गोळ्या घेऊ नका, मग ११.४ चं कारण वेगळं शोधावं लागेल, आणि वहीत पेंग दिसली तर स्लीप स्टडी करावी लागेल. ती आता घरच्या घरी, बोटाला आणि नाकाला सेन्सर लावूनही होते. डॉक्टरांकडे जाल तेव्हा रिपोर्टच्या आधी ती वही आणि ते रेकॉर्डिंग त्यांच्यासमोर ठेवा.